पेटंट कशाला मिळतच नाही? कलम ३ बद्दल जरा मोकळेपणाने बोलूया

ड्राफ्टवाला_पुणे

नमस्कार मंडळी. पेटंटचे ड्राफ्ट लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. लोक येतात आणि पहिला प्रश्न विचारतात की खर्च किती येईल. खरं तर त्याच्या आधी विचारायला हवं की माझी ही गोष्ट कायदा शोध म्हणून धरतो तरी का, कारण आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ आहे आणि त्यात सरळ यादीच दिलीय की या या गोष्टी शोध धरायच्याच नाहीत, मग तुम्ही कितीही डोकं लावलेलं असो, कितीही वर्षं घातलेली असोत. ती यादी न वाचता लोक पैसे भरतात याचं मला फार वाईट वाटतं म्हणून हा धागा.

सगळी यादी इथे उतरवत नाही, नेहमी येणाऱ्या गोष्टी सांगतो.

सगळ्यात जास्त येतं ते फुकट विजेचं यंत्र. मोटर अल्टरनेटर फिरवते, अल्टरनेटरची वीज परत मोटरला, आणि उरलेली वीज शेतातल्या पंपाला. उरलेली! बेअरिंगचं घर्षण, वाइंडिंग तापणं, पट्ट्याची घसर, हे सगळं वजा झाल्यावर काही उरत नाही, सुरुवातीला बॅटरीने ढकललं म्हणून थोडा वेळ फिरतं आणि थांबतं. निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणारा दावा ३(ए) मध्ये बाद होतो. अशा माणसांकडून कोणी 'पेटंट करून देतो' म्हणून पैसे घेत असेल तर ते पाप आहे असं मी स्पष्ट म्हणतो.

दुसरं, निसर्गात आहे ते सापडलं म्हणून पेटंट नाही. नवीन जिवाणू मातीत सापडला, नवीन खनिज सापडलं, वैज्ञानिक तत्त्व सापडलं, तर मानसन्मान सगळा तुमचा पण पेटंट नाही, ३(सी). त्या तत्त्वावर चालणारं उपकरण केलंत तर मात्र गोष्ट वेगळी.

तिसरं म्हणजे नुसतं एकत्र ठेवणं. पेटंट ऑफिसच्या मॅन्युअलमध्ये उदाहरणंच आहेत, बादलीला टॉर्च लावली, एकाच खोक्यात घड्याळ आणि रेडिओ बसवला. दोन्ही वस्तू आपापलं काम आधीसारखंच करतात, एकमेकीला काही मदत नाही, मग ३(एफ). मिश्रणाचं तसंच, पाण्यात साखर आणि रंग घालून सरबत केलं तर ते ३(ई), कारण गुणांची नुसती बेरीज झाली. मिश्रणातून बेरजेपेक्षा जास्त काही मिळतंय हे आकड्यांनी दाखवता आलं तरच पुढे बोलायचं.

मग शेतीच्या पद्धती, माणसांवर किंवा जनावरांवर करायचे उपचार, झाडं आणि प्राणी, गणित, धंद्याची पद्धत, निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्राम, कथा कविता चित्रपट, खेळाचे नियम, चिपचा आराखडा, पारंपरिक ज्ञान. आणि कलम ४ वेगळंच आहे, २०२५ च्या बदलाआधी त्यात अणुऊर्जेशी संबंधित शोधांना पेटंट मिळतच नव्हतं.

माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाबद्दलचं ३(डी) मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण त्यावर वाद होणार हे मला माहितीय. विचारा काय विचारायचं ते.

चरकवाला_शिरोली

दादा मस्त लिहिलंय. माझा एमआयडीसीत छोटा शेड आहे, जॉबवर्क करतो. रसवंतीचं मशीन केलंय, चरकाच्या मागच्या बाजूला चिपाडं बारीक करणारा कटर बसवलाय, दोन्ही एकाच मोटरवर. रसवंतीवाल्याची चिपाडं टाकायची डोकेदुखी संपते, बारीक झालेलं लगेच पोत्यात भरता येतं. तुम्ही ते बादली आणि टॉर्च लिहिलंत ते वाचून धडकी भरली. म्हणजे आमचं गेलंच की काय

ड्राफ्टवाला_पुणे

@चरकवाला घाबरू नका, आधी सांगा की कटरमुळे चरकाच्या कामात काही फरक पडतो का? का चरक आपला रस काढतो आणि कटर आपला कापतो, इतकंच?

चरकवाला_शिरोली

पडतो ना. चिपाड कटरमध्ये तुंबलं की मागं दाब येतो, त्या दाबानं एक दांडा हलतो आणि वरची लाट म्हणजे ऊस दाबणारा रोलर स्प्रिंगवर जराशी उचलली जाते. तुंबलेलं निघून गेलं की लाट परत खाली. त्यामुळं मोटर जळत नाही आणि पोराला सारखं बंद चालू करावं लागत नाही. पण ही बारकी गोष्ट आहे हो, आमच्याकडं कुठल्याही फिटरला सुचेल

ड्राफ्टवाला_पुणे

अहो हीच तर गोष्ट आहे! कटर जोडणं हा शोध नाही, पण कटरमधला तुंबा लाटेचं अंतर बदलतो म्हणजे दोन भाग एकमेकांशी काम करतायत, तिथे ३(एफ) ची अडचण कमी होते. तुमचा दावा 'चरक अधिक कटर' असा लिहिला तर मरेल, 'दाबाने लाट उचलणारा दांडा' असा लिहिला तर निदान तग धरून राहील.

मात्र तुमचं शेवटचं वाक्य कोणाला लिहून देऊ नका. कुठल्याही फिटरला सुचेल हाच तर पेटंट न देण्याचा दुसरा मोठा मुद्दा. १९७८ सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, सगळा खटला लेथवर भांडं कसं धरायचं यावर! टेलस्टॉकच्या म्हणजे लेथच्या मागच्या आधाराच्या बाजूने स्पिंडल दाबून भांडं पक्कं बसवायचं, त्याने काम सोपं आणि सुरक्षित झालं यात शंका नव्हती, पण कोर्ट म्हणालं की ही कारखान्यातली सुधारणा आहे, टेलस्टॉकने दाबून धरणं लेथवाल्यांना आधीपासून ठाऊक, आणि पेटंट रद्द. तेव्हा तुमच्या दांड्यासारखं आधी कुणी केलंय का ते नीट शोधायला हवं. सरकारी साइटवर इनपास म्हणून शोधायची सोय आहे, फुकट आहे.

वैद्य_ताई

माझ्या आजेसासूबाईंपासून आमच्याकडे सांधेदुखीचं एक तेल करतात, त्यात निर्गुंडी, एरंड, आणखी काही. मागणी वाढली म्हणून एका सल्लागाराने पेटंट करा म्हणून सांगितलं आणि पैसेही आगाऊ मागितले. हे पारंपरिक ज्ञानात जाईल का?

ड्राफ्टवाला_पुणे

ताई, तुम्ही सांगताय त्या स्वरूपात जाईल, ३(पी) मध्ये. पारंपरिक ज्ञान किंवा परंपरेने माहीत असलेल्या घटकांच्या माहीत असलेल्या गुणांची बेरीज शोध धरत नाहीत. निर्गुंडी वाताच्या दुखण्यावर वापरतात हे ग्रंथांत आहे आणि ते ग्रंथ आता पारंपरिक ज्ञानाच्या सरकारी डेटाबेसमध्ये आहेत, तपासणारा अधिकारी तिथे बघणारच. त्या सल्लागाराला पैसे देऊ नका. तेलाचं नाव ट्रेडमार्क करा, कृती घरातच ठेवा.

मृद्गंध

इथे हळदीची गोष्ट सांगायलाच हवी, नव्या पिढीतल्या बऱ्याच जणांना नीट माहीत नसते. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. हळद! आपल्याकडे पोर पडून गुडघा फुटला की आई आधी काय चेपते? पण अमेरिकेच्या पेटंट ऑफिसला 'आमची आजी लावायची' हे सांगून भागत नाही, त्यांना छापील पुरावा लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे, प्रमुख होते. सीएसआयआरने ते पेटंट आव्हान देऊन तपासायला लावलं, बत्तीस संदर्भ जमवून दिले, संस्कृत, उर्दू, हिंदी मजकूर, आणि १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला लेखही त्यात होता. १९९७ मध्ये दावे रद्द झाले. कडुनिंबाचं युरोपातलं पेटंट पडायला तर २००५ उजाडलं. वर ज्या डेटाबेसचा उल्लेख आला तो या लढायांमधूनच उभा राहिला, २००१ मध्ये काम सुरू झालं, संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ ग्रंथांतलं ज्ञान इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानीत आणलं म्हणजे तिकडच्या अधिकाऱ्यालाही वाचता यावं.

मला वाटतं वैद्य ताईंना पेटंट मिळत नाही ही तक्रार नाहीच, त्याच नियमामुळे उद्या दुसरा कोणी त्यांच्या तेलावर हक्क सांगू शकत नाही.

वैद्य_ताई

मृद्गंध, हे असं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. धन्यवाद. सल्लागाराला आजच नाही कळवते.

कोडर_हिंजवडी

आम्ही ॲप केलंय, सोसायटीतल्या पाण्याच्या टँकरचं बुकिंग आणि बिल वाटून घेण्याचं. सॉफ्टवेअरला पेटंट मिळत नाही असं सगळे म्हणतात पण मोठ्या कंपन्यांना तर मिळतात की. हा काय प्रकार

ड्राफ्टवाला_पुणे

३(के) मध्ये चार गोष्टी आहेत, गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, कॉम्प्युटर प्रोग्राम आणि अल्गोरिदम, आणि यातल्या फक्त प्रोग्रामपुढे 'पर से' हे दोन शब्द लावलेत, म्हणजे निव्वळ प्रोग्राम म्हणून. २००४ च्या अध्यादेशात ही दारं जास्त उघडायचा प्रयत्न झाला होता, उद्योगातला तांत्रिक वापर असेल किंवा हार्डवेअरसोबत असेल तर द्या अशा अर्थाचा बदल, पण २००५ मध्ये संसदेने तो काढून टाकला. फेरिद अल्लानी प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने २०१९ ला सांगितलं की प्रोग्राममुळे तांत्रिक परिणाम होत असेल तर केवळ सॉफ्टवेअर आहे म्हणून नाकारू नका. मोठ्या कंपन्यांची बरीचशी पेटंटं अशा जागी असतात, नेटवर्कवर डेटा कमी लागतो, फोनची मेमरी वाचते, सिग्नल साफ होतो वगैरे. धंद्याच्या पद्धतीला मात्र असली पळवाट नाही, २०२३ च्या ओपनटीव्ही निकालात ते स्पष्ट झालं.

तुमचं बुकिंग आणि बिल वाटप मला सरळ धंद्याची पद्धत दिसतेय. कोडला कॉपीराइट आपोआप आहे. टाकीतली पातळी ओळखायचा काही वेगळा सेन्सर असेल तर बोला.

जर्सीकर

न्यू जर्सीहून. इकडे १९९८ नंतर धंद्याच्या पद्धतींना पेटंटं मिळत सुटली होती आणि त्याचा त्रास छोट्या दुकानदारांपर्यंत झाला, नुसतं पत्र पाठवून पैसे मागायचे. २०१४ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाच्या अ‍ॅलिस निकालाने बरंच आवरलं. उपचारांचं अजून वेगळं, शस्त्रक्रियेच्या पद्धतीला इथे पेटंट मिळू शकतं, पण १९९६ पासून अशी तरतूद आहे की ती पद्धत वापरणाऱ्या डॉक्टरवर आणि हॉस्पिटलवर त्यासाठी वसुली करता येत नाही. भारताने मुळातच नाही म्हटलं ते मला जास्त सरळ वाटतं, टेबलावर पेशंट असताना सर्जनने परवानगीचा विचार का करावा.

बागायतदार_निफाड

आमचं काय मग? शेतकऱ्यानं आयुष्य घालून पद्धत बसवायची आणि कायदा म्हणणार शेतीची पद्धत शोध नाही. कांद्याच्या लागवडीत मी गादीवाफा, दोन रोपांतलं अंतर आणि ठिबकच्या वेळा असं बसवलंय की माल एकसारखा येतो. कंपनीच्या फवारणीच्या औषधाला पेटंट आणि आमच्या डोक्याला नाही, हा न्याय कुठला

ड्राफ्टवाला_पुणे

काका, राग समजतो. ३(एच) मध्ये शेतीची आणि बागायतीची पद्धत बाद आहे. अळिंबीचं उत्पादन घेण्याची पद्धतसुद्धा यात बसते असं मॅन्युअल म्हणतं. पण उलट बाजूने बघा. तुमच्या अंतराला पेटंट मिळालं तर शेजारच्या गावात कुणी चालवलेल्या अंतरालाही मिळेल, मग लावणीच्या आधी कोणाकोणाची परवानगी घेणार? रोपं लावायचं यंत्र केलंत, ठिबकचा नवीन ड्रिपर केलात तर त्याला अर्ज करता येतो.

मृद्गंध

काका, वाणाचा रस्ता वेगळा आहे. झाडं, बियाणं, वाण यांना पेटंट नाही, ३(जे), पण २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे आणि त्यात शेतकऱ्याने काढलेलं वाणही नोंदता येतं, पिकांना १५ वर्षं, झाडं आणि वेलींना १८ वर्षं. तुमच्या द्राक्षांचं बघा ना, तास-ए-गणेश, सोनाका ही वाणं बागायतदारांनीच थॉमसनच्या बागेतनं वेगळी दिसणारी काडी हेरून काढलेली.

आणि दादाजी खोब्रागडे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव, थोडीशी जमीन, १९८३ मध्ये भाताच्या शेतात वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या राखून ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून एचएमटी तांदूळ आला, नाव तेव्हाच्या घड्याळावरून. आज आपण सगळे तो तांदूळ खातो. २०१८ मध्ये ते गेले तेव्हाही हलाखीच होती. ते निवडत होते तेव्हा हा २००१ चा कायदा नव्हता, म्हणून आता ज्याच्याकडे वेगळं वाण आहे त्याने नोंद करावीच असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. आणि त्याच कायद्यात कलम ३९ मध्ये शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा, विकायचाही हक्क आहे, फक्त ब्रँड लावून विकायचं नाही.

बागायतदार_निफाड

हे चांगलं सांगितलंत. पण मग बीटी कापसाचं कसं? बी ला पेटंट नाही म्हणता आणि विदर्भातली माणसं वर्षानुवर्षं पाकिटामागं कंपनीला पैसे मोजत आली

ड्राफ्टवाला_पुणे

पेटंट बियाण्याला नव्हतं, त्यात घातलेल्या जनुकाच्या रचनेला होतं. मोन्सँटो आणि नुझिवीडू या बियाणं कंपन्यांच्या भांडणात नेमका हाच प्रश्न आला की एकदा ती रचना झाडात गेली, बीमधून पुढे चालली, की ती ३(जे) मधल्या 'झाडाचा भाग' ठरते का. दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने २०१८ ला ठरते म्हणून पेटंट रद्द केलं, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तो निकाल बाजूला ठेवून पुरावे तपासून ठरवा म्हणून खटला परत पाठवला, आणि २०२१ ला दोघांनी आपसात मिटवलं. प्रश्न तसाच लटकून राहिला, मला हे अजिबात आवडलेलं नाही. लाखो शेतकऱ्यांशी संबंध असलेल्या मुद्द्यावर स्पष्ट उत्तर हवं होतं.

फार्मा_ठाणे

आता ३(डी) वर येतो. मी औषध कंपनीच्या संशोधनात काम करतो. माहीत असलेल्या रेणूचा नवा क्षार, नवं स्फटिकरूप शोधणं हे सोपं काम नाही. आधीचं रूप ओलं होतं, गोळी टिकत नाही, शरीरात शोषलं जात नाही, हे सोडवायला वर्षं जातात. आणि कायदा म्हणतो की परिणामकारकता वाढल्याचं दाखवा नाहीतर चालते व्हा. जगात बाकी बहुतेक ठिकाणी असं वेगळं कलम नाही, आपल्यालाच का?

ड्राफ्टवाला_पुणे

तुमच्या कामाची किंमत कमी नाही. पण हे कलम का आलं ते बघा. २००५ च्या आधी आपल्याकडे औषध या वस्तूला पेटंट नव्हतं, फक्त बनवायच्या प्रक्रियेला होतं, त्यावरच आपल्या औषध कंपन्या उभ्या राहिल्या. जागतिक व्यापार करारामुळे १ जानेवारी २००५ पासून वस्तूलाही पेटंट द्यावं लागलं. मग भीती ही की पेटंटची २० वर्षं संपत आली की त्याच औषधाचं थोडं वेगळं रूप आणून आणखी २० वर्षं लावायची.

नोव्हार्टिसचं ग्लिव्हेक, रक्ताच्या कॅन्सरवरचं. इमॅटिनिब आधीच माहीत होतं, १९९८ ला त्याच्या मेसिलेट क्षाराच्या बीटा स्फटिकरूपासाठी चेन्नईत अर्ज केला. विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने, न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी, सांगितलं की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता. शरीरात तीस टक्के जास्त शोषलं जातं हा दावा होता, पण त्याने रोग जास्त बरा होतो याचा पुरावा दिला नव्हता. त्या काळी मूळ ब्रँड महिन्याला साधारण एक लाख वीस हजाराला आणि भारतीय जेनेरिक, म्हणजे तेच औषध दुसऱ्या कंपनीचं, आठ-दहा हजारात. आणि ही गोळी रोज घ्यायची, वर्षानुवर्षं.

सिस्टर_परळ

मी कॅन्सरच्या पेशंटमध्ये काम केलंय. बाहेरगावाहून आलेली माणसं रस्त्यावर झोपून उपचार घेतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हा आकड्यांमधला फरक समजावून सांगावा लागत नाही. आठ हजारसुद्धा जड जातात हो. गोळी परवडत नाही म्हणून दिवसाआड घेणारे पाहिलेत, रिपोर्ट बिघडला की खरं सांगतात.

फार्मा_ठाणे

सिस्टर, तुमच्याशी वाद नाही. माझं म्हणणं इतकंच की पेशंटला खरा फायदा होणाऱ्या सुधारणेला जागा राहावी, उदाहरणार्थ दिवसातून चारदा ऐवजी एकदा घ्यायची गोळी. त्याने माणसं औषध सोडत नाहीत.

ड्राफ्टवाला_पुणे

ही जागा आहे, पुरावा घेऊन या म्हणतं इतकंच कलम. आणि सामान्य माणसालाही यात बोलता येतं हे फार कमी जणांना माहीत आहे. कलम २५(१) प्रमाणे पेटंट मिळण्याआधी कोणीही विरोध नोंदवू शकतो. टीबीच्या बेडाक्विलिनचं बघा, जॉन्सन अँड जॉन्सनला मूळ पेटंट संपल्यावर क्षारावर आणखी काही वर्षं हवी होती. टीबीतून वाचलेल्या दोन तरुणींनी, मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले, विरोध नोंदवला. जुन्या औषधांनी दोघींची ऐकण्याची शक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला आणि जुलैत मूळ पेटंट संपलं.

सिस्टर_परळ

हे वाचून अंगावर काटा आला. वॉर्डातल्या सगळ्यांना पाठवते.

चरकवाला_शिरोली

दादा परत आलो. इनपासवर मी आणि भाच्यानं बसून शोधलं, चरकाची बरीच निघाली, कटरवाली पण दोन दिसली, पण तुंबल्यावर लाट उचलणारा दांडा अजून तरी कुठं दिसला नाही. आता डिसेंबरात मोशीच्या कृषी प्रदर्शनात मशीन मांडायचं म्हणतोय, भाचा म्हणतोय त्याआधी इन्स्टावर रील टाकू. चालेल ना

ड्राफ्टवाला_पुणे

रील टाकू नका!! अजिबात नाही. जगात कुठेही उघड झालं की नवेपणा गेला, मग ते तुम्हीच उघड केलेलं असलं तरी. प्रदर्शनासाठी कलम ३१ मध्ये बारा महिन्यांची सवलत आहे पण ती सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांना, त्या भरवशावर राहू नका.

आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज टाका. व्यक्तीने ऑनलाइन केला तर सरकारी फी १,६०० रुपये आहे. दांडा, स्प्रिंग, लाटेचा खोबणीतला प्रवास, यांची तीन बाजूंनी चित्रं काढा, माप नको पण कोणता भाग कशाला ढकलतो ते प्रत्येक बाणाने दाखवा. तारीख मिळाली की बारा महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचा. महाराष्ट्राचं ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला आहे पण तुम्हाला जायची गरज नाही. आणि यंत्राचं बाहेरचं रूप वेगळं असेल तर डिझाइनची नोंद स्वतंत्र करा, तीही मांडायच्या आधी.

चरकवाला_शिरोली

भाच्याच्या हातातनं फोन काढून घेतलाय. चित्रं रविवारी काढतो. दांड्याचा जवळून फोटो तुम्हाला खाजगीत पाठवला तर चालेल का, का तेही उघड करणं होतं?

ड्राफ्टवाला_पुणे

कामासाठी गोपनीय म्हणून एजंटला दाखवणं म्हणजे उघड करणं नाही. तरी आधी गोपनीयतेचा एक पानी करार पाठवतो, त्यावर दोघांच्या सह्या झाल्या की मग फोटो पाठवा. इथे धाग्यावर टाकू नका. आणि हो, दांड्याबद्दल तुम्ही वर थोडं लिहून बसलायत, ती पोस्ट सगळ्यांना दिसतेय. अ‍ॅडमिनना सांगून ती आणि माझी त्यावरची उत्तरं आत्ताच काढायला लावतो, आणि अर्ज रविवारपर्यंत थांबवू नका, आज रात्री बसू.